शेजारघर

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीने आम्हाला समाजसेवा करायला नेलं. "नेलं" हाच शब्द बरोबर आहे, कारण बस होती, नाश्त्याची पाकिटं होती आणि सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट होते. एका वस्तीतल्या शाळेच्या दोन भिंती रंगवायच्या आणि मुलांना कॉम्प्युटर दाखवायचा, असा कार्यक्रम. भिंती रंगवल्या (माझ्या वाट्याचा कोपरा जरा बिघडलाच). मुलांना माऊस धरायला शिकवलं, सगळ्यांनी पडद्यावर डोंगर, नदी आणि घर काढलं, फोटो झाले. निघताना एका मुलीने विचारलं, "दादा, पुढच्या शनिवारी पण येणार ना?"

मी म्हणालो, "बघू."

"बघू"चा अर्थ तिला माझ्याइतकाच चांगला कळत असावा, कारण तिने पुढे काही विचारलं नाही.

तर ते "बघू" डोक्यातून जाईना, म्हणून दोन-तीन विकांत मी एकच विषय वाचत बसलो. शहरातल्या गरीब कुटुंबांसाठी काही करावं असं सुशिक्षित पोरांना पहिल्यांदा वाटलं कधी, आणि त्यांनी केलं काय? बस काढून जायची पद्धत पूर्वी नव्हती, हे एक. पूर्वीचे लोक तिथे राहायलाच जायचे.

सुरुवात लंडनची. १८८४ साली सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट ह्या जोडप्याने व्हाइटचॅपल ह्या अत्यंत गरीब भागात टॉयनबी हॉल सुरू केला. सॅम्युएल तिथल्या चर्चचा पाद्री. कल्पना साधी होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पोरांनी शिक्षण संपल्यावर काही काळ इथे येऊन मुक्काम करायचा, दिवसा आपापली नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात शेजाऱ्यांसाठी वर्ग, व्याख्यानं, कायद्याचा सल्ला असं जे जमेल ते करायचं. ज्याच्या नावाने हॉल आहे तो आर्नल्ड टॉयनबी म्हणजे ऑक्सफर्डचा अर्थशास्त्राचा तरुण शिक्षक, आदल्याच वर्षी वयाच्या तिसाव्या वर्षी गेलेला. (जाड जाड खंड लिहिणारा इतिहासकार टॉयनबी वेगळा, तो ह्याचा पुतण्या. माझा बराच वेळ ह्या घोटाळ्यात गेला.) "औद्योगिक क्रांती" हा शब्द इंग्रजीत रूढ करण्यात ह्या काकांच्या व्याख्यानांचा मोठा वाटा.

इमारत मात्र ऑक्सफर्डच्या कॉलेजसारखीच बांधली होती. म्हणजे झोपडपट्टीत राहायचं, पण हॉस्टेलसकट! तेव्हाही ह्यावर लोक हसलेच असणार. पण त्या हॉस्टेलात कोण राहून गेलं बघा. विल्यम बेव्हरिज १९०३ पासून दोन वर्षं तिथे होता. पुढे १९४२ मध्ये त्याच्याच अहवालावर ब्रिटनची सगळी सामाजिक सुरक्षेची व्यवस्था उभी राहिली. क्लेमंट अ‍ॅटली १९१० मध्ये तिथला सेक्रेटरी होता. हाच अ‍ॅटली १९४७ मध्ये आपल्याला स्वातंत्र्य देणाऱ्या सरकारचा पंतप्रधान. चार्ल्स बूथने लंडनमधल्या गरिबीचं जे प्रचंड सर्वेक्षण केलं, त्यातही टॉयनबी हॉलच्या काही रहिवाशांचा हात होता. बूथचे नकाशे बघाच एकदा. प्रत्येक रस्ता तिथल्या माणसांच्या ऐपतीप्रमाणे रंगवलेला, श्रीमंतांना पिवळा आणि सर्वांत खालच्या थराला काळा. आज आपण डॅशबोर्डवर हीटमॅप करतो आणि स्वतःची पाठ थोपटून घेतो, ते ह्या माणसाने पायी फिरून आणि हाताने रंगवून केलं होतं.

आता खरी गोष्ट, शिकागोची.

जेन अ‍ॅडम्स ही इलिनॉयमधल्या एका सधन घरातली मुलगी. वैद्यकीय शिक्षण सुरू केलं, तब्येतीमुळे सोडलं. मग युरोप बघून आली, परत गेली. पैसा आहे, शिक्षण आहे आणि करायचं काय ते कळत नाही, अशी अवस्था. १८८८ मध्ये ती टॉयनबी हॉल बघून आली आणि १८ सप्टेंबर १८८९ ला एलन गेट्स स्टार ह्या मैत्रिणीबरोबर शिकागोच्या हॅल्स्टेड स्ट्रीटवर एका जुन्या हवेलीत राहायला गेली. हवेली हल नावाच्या माणसाने बांधलेली, म्हणून नाव हल हाऊस. तेव्हा तिचं वय एकोणतीस. इथे मी पुस्तक मिटून एक चहा पिऊन आलो.

आजूबाजूला इटालियन, ग्रीक, जर्मन, बोहेमियन, रशियातून आलेले ज्यू अशी नुसती स्थलांतरितांची दाटी. ह्या दोघींनी पहिलं काय केलं असेल? शेजाऱ्यांना जमवून जॉर्ज एलियटच्या एका कादंबरीचं वाचन! मला फार हसू आलं, आणि नंतर आमचा डोंगर-नदी-घर आठवून ते थांबलं. आपल्याला जे येतं तेच समोरच्याला हवं असणार, असं आपण धरूनच चालतो.

पण त्या तिथेच राहत होत्या, त्यामुळे चूक कळायला शनिवारची वाट बघावी लागत नव्हती. आसपासच्या आया कामावर जायच्या तेव्हा मुलांना घरात कोंडून जायच्या. अ‍ॅडम्सने आठवणींत तीन मुलांबद्दल लिहिलंय. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडलं, एक भाजलं, आणि एकाच्या पाठीचा कणा वाकला, कारण तीन वर्षं त्याला दिवसभर टेबलाच्या पायाला बांधून ठेवत. कादंबरी बाजूला पडली आणि पाळणाघर सुरू झालं. मग बालवाडी, आंघोळीची सोय, खेळाचं मैदान, इंग्रजीचे वर्ग, एकट्या राहणाऱ्या कामकरी मुलींसाठी सहकारी वसतिगृह. दुसऱ्या वर्षापर्यंत आठवड्याला सुमारे दोन हजार माणसं तिथे येत होती.

सगळं जमलं असं नाही. एकदा त्यांनी शास्त्रशुद्ध, पौष्टिक आणि स्वस्त जेवणाचं सार्वजनिक स्वयंपाकघर काढलं. शेजाऱ्यांनी ते खाल्लंच नाही. पौष्टिक आहे हे मान्य आहे, पण आम्हाला आवडतं ते आम्ही खातो, असा एका बाईच्या बोलण्याचा मतितार्थ. ज्यांनी कुणी घरात ओट्स खपवायचा प्रयत्न केलाय त्यांना ह्या बाईचं म्हणणं लगेच पटेल.

पहिल्याच नाताळची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटत होते. काही लहान मुलींनी ती घेतली नाहीत. का, तर त्या गोळ्यांच्या कारखान्यात कामाला होत्या. नाताळचा हंगाम म्हणून सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत गोळ्याच करत होत्या, आणि आता त्यांना गोळी बघवत नव्हती.

त्याच सुमारास हल हाऊसच्या क्लबातली तीन पोरं एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर जखमी झाली. त्यातला एक गेला. यंत्राला थोड्या खर्चात संरक्षक जाळी बसली असती. हल हाऊसच्या मंडळींना वाटलं, मालकाला हे कळलं की तो हादरून जाईल. मालकाने काहीही केलं नाही. आईबापांनी आधीच लिहून दिलेलं होतं की अपघात झाला तर आम्ही भरपाई मागणार नाही.

माझ्या मते हल हाऊसचा इतिहास इथून बदलतो. गोळ्या वाटून झाल्या आणि प्रश्न गोळ्यांच्या कारखान्यापर्यंत गेला. फ्लॉरेन्स केली ही जबरदस्त बाई १८९१ च्या अखेरीस तिथे राहायला आली होती. तिने शिवणकामाच्या कोंदट कारखान्यांची पाहणी केली, आणि १८९३ मध्ये इलिनॉयने कायदा करून चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात ठेवायला बंदी केली. बायकांचा दिवस आठ तासांचा ठरवला. कायदा राबवायला मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून नेमलं ते केलीलाच. दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचं कलम रद्द केलं. पण १८९५ मध्येच त्यांनी आपल्या वस्तीचे नकाशे छापले होते, कुठल्या घरात कुठल्या देशाची माणसं आणि आठवड्याची कमाई किती. बूथचीच पद्धत, फरक इतकाच की नकाशा काढणारे त्याच नकाशात राहत होते. १८९९ मध्ये शिकागोत मुलांसाठी वेगळं न्यायालय निघालं, त्यामागेही हीच मंडळी.

आणि कचरा! वस्तीत बालमृत्यू जास्त, आणि रस्त्यावर लाकडी पेट्यांमधून कचरा ओसंडून वाहतोय. १८९५ मध्ये अ‍ॅडम्सने चक्क वॉर्डातला कचरा उचलायच्या कंत्राटाची निविदा भरली. ती तांत्रिक कारणावरून बाद झाली, पण बोभाटा इतका झाला की महापौरांनी तिलाच वॉर्डाची कचरा निरीक्षक नेमलं. मग रोज सकाळी सहाला उठून ही बाई कचऱ्याच्या गाड्यांच्या मागे. गाडीवाल्याने खरोखर कचरा टाकला का, किती खेपा केल्या, सगळं मोजायचं. एका गल्लीत तर कचरा खणता खणता अठरा इंच खाली फरसबंदी रस्ता सापडला. तिथे रस्ता आहे हे राहणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. ज्याने कुणी सात-आठ वर्षं जुन्या कोडमध्ये हात घातलाय, त्याला ह्या आनंदाची कल्पना येईल. :-)

एवढं सगळं करून ह्या लोकांनी निवडणूक मात्र हरली. हा भाग मला सगळ्यात आवडला. वॉर्डाचा नगरसेवक होता जॉनी पॉवर्स, भ्रष्ट म्हणून साऱ्या शिकागोत प्रसिद्ध. हल हाऊसने त्याच्याविरुद्ध उमेदवार उभे केले, प्रचार केला, आणि पॉवर्स निवडून येतच राहिला. दुसरा कुणी असता तर "लोकांनाच अक्कल नाही" म्हणून मोकळा झाला असता. अ‍ॅडम्सने १८९८ मध्ये लेख लिहिला, पॉवर्स का जिंकतो ह्यावर. तिचं म्हणणं असं की तो मयताला येतो. गरिबाच्या पोराला मूठमाती द्यायला पैसे नसतील तर खर्च उचलतो. लग्नाला आहेर देतो, तुरुंगातून सोडवतो, नोकरीला चिकटवतो, नाताळला टनांच्या हिशेबाने टर्की वाटतो. तो पैसा कुठून आणतो हे लोकांना माहीत असतं, पण तो शेजाऱ्यासारखा वागतो, आणि सुधारक मात्र "स्वच्छ कारभारा"बद्दल भाषण करतात. दिवाळीला उटणं, दहावीच्या पोरांना वह्या, एकवीरेला बस आणि रात्री दोन वाजता अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन केला तर उचलणारा माणूस. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

आता मुंबई.

लोअर परळला ज्यांची ऑफिसं आहेत त्यांच्या रोजच्या पत्त्यात ना. म. जोशी मार्ग असतो, जुना डिलाईल रोड. पण ना. म. जोशी कोण, हे त्या रस्त्यावरच्या किती काचेच्या इमारतींत ठाऊक असेल? मलाही "कुणीतरी कामगार पुढारी" इतकंच माहीत होतं. नारायण मल्हार जोशी जन्मले १८७९ मध्ये, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावला. काही वर्षं शिक्षक होते. १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि १९११ मध्ये मुंबईत त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात काम. रात्रशाळा, दवाखाने, पठाणी व्याजातून सुटायला सहकारी पतपेढ्या, आणि चाळीचाळीतून फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत लीगचे स्वयंसेवक मदतीला वस्त्यांमध्ये उतरले होते. कोविड बघितलेल्या आपल्याला त्या वाक्याचं वजन वेगळं सांगायला नको.

गोळ्यांच्या डब्यापासून कारखान्यापर्यंतचा प्रवास जोशींचाही झाला. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. १९२० मध्ये आयटक उभी करण्यात ते पुढे होते, आणि नंतर दिल्लीच्या कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने पंचवीसएक वर्षं बोलत राहिले. पण त्यांनाही त्यांचा जॉनी पॉवर्स भेटलाच म्हणायचा. (उपमा थोडी अन्यायाची आहे, कारण समोरचे लोक भ्रष्ट वगैरे अजिबात नव्हते.) १९२८ मध्ये गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला आणि लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली. जोशींची मवाळ युनियन मागे पडली. १९२९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली आणि जोशी बाहेर पडले. रात्रशाळा ज्यांनी चालवली त्यांच्यामागे कामगार गेला नाही, गिरणीच्या फाटकावर त्याच्या भाषेत बोलणाऱ्यांच्या मागे गेला. सेवा आणि सोबत ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का, हा प्रश्न मला इथे पडला आणि अजून सुटलेला नाही.

लीगने परळला १९२२ मध्ये बांधलेला दामोदर हॉल म्हणजे आपलं दामोदर नाट्यगृह. कामगार रंगभूमीचं हे माहेरघर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठवला होता, ते आठवत असेल. त्याच हॉलमध्ये ९ मार्च १९२४ ला डॉ. आंबेडकरांनी सभा बोलावली आणि त्यातून त्या वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. त्यांना वस्तीत "राहायला जायचा" प्रश्नच नव्हता. हल हाऊस, टॉयनबी हॉल ह्या सगळ्यांमध्ये एक गृहीत धरलेलं असतं, की मदत करणारा बाहेरून येतो. वस्तीतलाच माणूस बाहेरच्यापेक्षा जास्त शिकलेला निघाला तर काय होतं, ह्याचं उत्तर ह्या हॉलमध्ये मिळालं. सभेच्या कामात वसतिगृहं आणि वाचनालयं होती, पण उद्देश हक्कांचा होता.

आणि शिकागोचा थेट धागा मुंबईला जोडला गेला तो नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशन आपल्याकडे १८१३ पासून. अहमदनगरच्या लोकांना त्यांच्या शाळा चांगल्या माहीत आहेत, आणि "ज्ञानोदय" हे त्यांचंच नियतकालिक. ह्या मिशनतर्फे १९२५ मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचा माणूस मुंबईत आला. शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट, म्हणजे हल हाऊसच्या शहरातून आलेला. त्याने वर्ष-दोन वर्षांत भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहूड हाऊस उभं केलं. मी ह्याचं भाषांतर मनातल्या मनात "शेजारघर" असं केलंय. मुसलमान, ज्यू, ख्रिश्चन, हिंदू, सगळे एकमेकांना खेटून, आणि पलीकडे कामाठीपुरा. माणूस मिशनरी, पण ह्या घरात धर्मांतराचा कार्यक्रम नव्हता. वर्ग, दवाखाना, खेळ, आणि शहराच्या प्रश्नांवर व्याख्यानं. आजच्या आणि उद्याच्या मुंबईवरची अशी एक व्याख्यानमाला १९३० मध्ये पुस्तकरूपाने निघाली. खेळात अर्थातच बास्केटबॉल. नागपाड्याच्या गल्ल्यांत क्रिकेटऐवजी बास्केटबॉल कसा काय, हे कोडं मला कॉलेजपासून होतं. अर्जुन पुरस्कार मिळालेला अब्बास मुन्तसीर ह्याच भागातला.

पण मॅन्शार्टच्या लवकरच लक्षात आलं की नुसत्या उत्साहाने हे काम होत नाही, प्रशिक्षित माणसं लागतात. सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ मध्ये सुरू झाला होता. त्यांच्या पैशाने १९३६ मध्ये नागपाड्यातच समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. विद्यार्थी वीस. भारतातली ह्या प्रकारची ही पहिली शाळा. १९४४ मध्ये तिचं नाव झालं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, १९५४ मध्ये ती देवनारला गेली. म्हणजे आपली टिस! फाळणीनंतर कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीत ह्या संस्थेची मंडळी काम करत होती. १९९६ मध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठीची १०९८ ही चाइल्डलाइन सुरू झाली तीही इथलाच एक प्रकल्प म्हणून.

आता गंमत ऐका. १९४८ च्या कारखाना कायद्यात असं कलम होतं की पाचशे किंवा जास्त कामगार असतील तर कारखान्याने कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. असे अधिकारी तयार करण्यात टिस पुढे होती. हा कामगार कल्याणाचा अभ्यासक्रम बदलत बदलत पर्सोनेल मॅनेजमेंट झाला आणि मग ह्यूमन रिसोर्सेस. देशभरच्या पोरांना जिथे प्रवेश हवा असतो तो टिसचा प्रसिद्ध एचआरचा कोर्स तो हाच. म्हणजे आपल्याला अप्रेझलचं पत्र देणाऱ्या एचआरचा खापरपणजोबा नागपाड्याच्या शेजारघरात, आणि त्याच्याही मागे शिकागोची ती गोळी न घेणारी मुलगी. आम्हाला बसमधून शाळेत नेणाऱ्या एचआरच्या मॅडम टिसच्याच आहेत. त्यांना ही वंशावळ कॅन्टीनमध्ये उत्साहाने सांगितली. त्या म्हणाल्या, "हो का? इंटरेस्टिंग," आणि फीडबॅक फॉर्म भरलास का ते विचारलं.

हल हाऊसचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. अ‍ॅडम्सला १९३१ चं शांततेचं नोबेल विभागून मिळालं, १९३५ मध्ये ती गेली. तेरा इमारतींचा संसार चालू राहिला. १९६० च्या सुमारास महापौर डेली ह्यांना इलिनॉय विद्यापीठाचा कॅम्पस शहरात हवा होता, आणि जागा ठरली ती नेमकी हल हाऊसच्या वस्तीची. हजारो माणसं उठणार. विरोधाला उभी राहिली फ्लॉरेन्स स्काला, एका इटालियन शिंप्याची मुलगी, लहानपणापासून हल हाऊसमध्ये वाढलेली. मोर्चे, महापौरांच्या ऑफिसात ठिय्या, सुप्रीम कोर्टापर्यंत खटला. तिला वाटलं होतं हल हाऊसचे विश्वस्त बाजूने उभे राहतील. मोजके अपवाद सोडले तर विश्वस्तांनी जागा विकायचं ठरवलं. १९६३ मध्ये खटला हरला, पाडापाडी झाली. जुनी हवेली आणि जेवणघर तेवढं वाचलं, आज तिथे म्युझियम आहे.

ज्या घराने शेजाऱ्याला भांडायला शिकवलं, ते शेजारी खरोखर भांडायला लागल्यावर बैठकीच्या खोलीत बसून राहिलं. मला ह्या एका गोष्टीचा फार राग आला, साठ वर्षांनंतर आणि इतक्या लांबून.

संस्था मेली नाही. ती शहरभर केंद्रांमध्ये पसरली, अनाथ मुलांची पालकघरं, पाळणाघरं, मारहाण झालेल्या बायकांना मदत, असं चांगलंच काम करत राहिली. फक्त आता तिथे कुणी राहत नव्हतं, आणि पैसा बहुतांश सरकारी कंत्राटांचा. सरकारचा हात आखडला, देणगीदार पुरेसे नव्हते, कर्ज वाढलं. जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झालं की वसंतात संस्था बंद करणार, आणि प्रत्यक्षात त्याच महिन्याच्या २७ तारखेला, शुक्रवारी, दारं बंद झाली. तीनशेच्या आसपास लोकांची नोकरी गेली. टॉयनबी हॉल मात्र अजून व्हाइटचॅपलमध्येच आहे, आणि १८९८ पासूनचा फुकट कायदेशीर सल्ला तिथे अजून मिळतो.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले सरासरी दोन टक्के अशा कामांवर घालवायला लावले, आणि कितीतरी संस्था आज त्या पैशावर उभ्या आहेत. पैसा वाईट असं मी म्हणत नाही. टाटांच्या पैशाशिवाय टिस झाली नसती. पण प्रकल्प वर्षाचा असतो आणि शेजार त्याहून लांब असतो.

मी त्या शाळेत अजून परत गेलेलो नाही. एका शनिवारी रिलीज होतं, एका शनिवारी घरी पाहुणे होते, बाकीचे दोन हे वाचण्यात गेले. टी-शर्टचं कापड मात्र चांगलं आहे, रात्री झोपताना घालतो.